बाय, बॅग आणि बोर्डिंग पास

नवरा गेलेल्या बाईनं प्रवास करायला आपल्याकडे कुणाची ना नसते. फक्त कारण द्यावं लागतं. पंढरपूर चालतं, गाणगापूर तर उत्तमच. कोल्हापूरला दवाखाना, ओरोसला सरकारी काम, पुण्याला ऑफिस... सगळं चालतं. ‘फिरायला चाललेय’ हे मात्र कारण होत नाही. त्यात कडेवर सव्वा वर्षाची मुलगी असेल आणि ‘फिरायला’ म्हणजे थायलंडला असेल, तर कणकवलीच्या बाजारपेठेत तुमचा विषय निघायला एक दुपार पुरते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये माझा नवरा गेला. कसा, ते इथे लिहीत नाही, हा लेख त्याबद्दल नाही. मुलगी पाच महिन्यांची होती, माझी मॅटर्निटी लीव्ह संपायला महिना उरला होता. तिला घरात सगळे ‘बाय’ म्हणतात, इथेही तेच म्हणू. मी पुण्याची खोली सोडून माहेरी, कणकवलीला आले. ऑफिसनं वर्क फ्रॉम होम दिलं. पाऊस आला की लाइट जायची, लाइट गेली की नेट जायचं, आणि नेट गेलं की मॅनेजर ‘यू आर ब्रेकिंग अप’ म्हणायचा. म्हटलं, हो ना, तेच चाललंय.

लॅपटॉपवर एक एक्सेल शीट होती. त्याची आणि माझी. बाय वर्षाची झाली की थायलंड, असं ठरलं होतं. तिकिटं काढली नव्हती, पण हॉटेलांच्या नावापुढे त्यानं ‘बाळासाठी पाळणा आहे का?’ असा रकाना केला होता आणि तीन ठिकाणी ‘हो’ लिहिलं होतं. सहा महिने ती शीट मी उघडायची आणि बंद करायची. ऑगस्टमध्ये एका रात्री उघडली आणि बंद केली नाही. एवढंच झालं. लोकांना वाटतं असा निर्णय घ्यायला मोठं धैर्य लागतं. मला त्या रात्री फक्त झोप येत नव्हती.

मग मतं सुरू झाली. सासर कुडाळला. सासूबाईंचा पहिला प्रश्न, “एवढ्याशा पोराक घेवन खंय जातलंस गो?” हा सोपा होता, त्याचं उत्तर नकाशावर होतं. दुसरा वार कठीण. “बायेक हयसर ठेव आणि तू जावन ये.” कठीण अशासाठी, की त्यात माया होती. शिवाय, खरं सांगायचं तर, आठ दिवस रात्रभर सलग झोप मिळाली असती. कुठल्या आईला मोह होणार नाही?

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तो असताना बायबद्दल काहीही ठरवलं तरी ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणायचे सगळे. तो गेला आणि त्याचा अर्धा निर्णय जणू सार्वजनिक झाला. सासर, माहेर, शेजार, ऑफिसातल्या मॅडम, एसटीत बाजूला बसलेली बाई... बापाची जागा रिकामी दिसली की माणसं हक्कानं येऊन बसतात. रात्री दोन वाजता ताप चढला की मात्र ती जागा रिकामीच असते.

आई माझी निवृत्त शिक्षिका. ती वाद घालत नाही, पुस्तक आणते. तिनं वाचनालयातून पंडिता रमाबाईंचं चरित्र आणून माझ्या कीबोर्डवर ठेवलं.

रमाबाईंवर शाळेत आपण दोन मार्कांचं उत्तर लिहिलेलं असतं. शारदा सदन, मुक्ती मिशन, केडगाव. संपलं. त्या उत्तरात बाळ नसतं! रमाबाईंचे पती बिपिनबिहारी मेधावी ४ फेब्रुवारी १८८२ रोजी वारले, तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. आई-वडील दुष्काळाच्या वर्षांत गेलेले, भाऊही गेलेला. सासरचा आधार नाही, कारण लग्न आंतरजातीय आणि रजिस्टर, तेही १८८० सालचं. त्या आसामातून लेकीला घेऊन पुण्याला आल्या. १८८२ च्या जूनमध्ये आर्य महिला समाज काढला. ‘स्त्रीधर्मनीति’ नावाचं पुस्तक लिहिलं, त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा केला आणि २० एप्रिल १८८३ रोजी मुंबईहून बोटीत बसल्या. सोबत नुकती दोन वर्षं पूर्ण केलेली मनो. त्याच महिन्यात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या होत्या. एका एप्रिलमध्ये दोन मराठी मुली दोन दिशांनी समुद्रापार, आणि आपण मोपाला जायचं म्हटलं तरी आधी सोबत शोधतो.

रमाबाईंची स्वतःची सुरुवातही अशीच. त्या सहा महिन्यांच्या असताना आई-वडील तीर्थयात्रेला निघाले, तेव्हा तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगरावरून खाली आणलं होतं. म्हणजे बेबी कॅरिअरचा शोध आपण लावलेला नाही, मंडळी.

मी आईला म्हटलं, “पण त्यांना कारण होतं. शिकायला गेल्या त्या.”

आई म्हणाली, “तुलाही आहे. एक्सेल शीट.”

आता कामाचं बोलू, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लहान मुलाचा पासपोर्ट काढताना एकच पालक असेल तर काय? डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं नियम सोपे केले, आणि तेव्हापासून अर्जात आई किंवा वडील, कुणा एकाचं नाव दिलं तरी चालतं. मी दोघांचीही दिली. तो तिचा बाप आहे, ‘होता’ नाही. सोबत मृत्यूचा दाखला जोडला. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा मिळतो, आणि आठ वर्षांच्या आतल्या अर्जदाराला फीमध्ये दहा टक्के सूट असते, म्हणजे हजाराचे नऊशे. सही येत नाही तिथे अंगठा. बायनं तो फॉर्मवर उठवला, मग माझ्या कुर्त्यावर उठवला, मग स्वतःच्या कपाळावर. फोटोला मागे पांढरं हवं, डोळे उघडे हवेत, दुसऱ्या कुणाचा हात दिसायला नको. आईनं अंगावर पांढरी चादर घेतली आणि बायला पुढ्यात धरलं. पासपोर्टात बाय ढगावर बसल्यासारखी दिसते. तो ढग म्हणजे तिची आजी.

मृत्यूच्या दाखल्याच्या तीन प्रती मी तीन बॅगांत ठेवते. काही देश एकट्या पालकाकडे दुसऱ्याचं संमतिपत्र मागतात, मुलं पळवून नेण्याचे प्रकार होतात म्हणून, आणि दुसरा हयात नसेल तर दाखला. दक्षिण आफ्रिकेनं तर जून २०१५ पासून दोन्ही पालकांची नावं असलेला जन्मदाखला सक्तीचा केला होता, २०१९ च्या अखेरीस तो नियम सैल झाला. नियमात चूक नाही. पण काउंटरपलीकडचा माणूस ‘फादर?’ विचारतो आणि तुम्ही बोलण्याऐवजी कागद पुढे सरकवता, त्या क्षणाची सवय होत नाही. कागद बरा, त्याचा आवाज फाटत नाही.

दुसरा कागद त्याहून अवघड होता. एका वकीलताईंनी विचारलं, “तुम्ही दोघीच विमानात बसणार. तुम्हाला काही झालं तर मुलगी कुणाची?” १९५६ च्या हिंदू अल्पवयीनता आणि पालकत्व कायद्यानुसार वडिलांनंतर आई नैसर्गिक पालक. आजी-आजोबांची परवानगी त्यात कुठेच नाही, हे कळल्यावर मी आधी खूश झाले होते. पण त्याच कायद्यात पुढे असंही आहे की विधवा आई मृत्युपत्र करून मुलांसाठी पालक नेमू शकते. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. सही आणि दोन साक्षीदार, बस्स. वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी आईच्या जेवणाच्या टेबलावर बसून मृत्युपत्र लिहिलं. बाजूच्या खुर्चीत बाय नाचणीचं सत्त्व थुंकत होती.

नाव कुणाचं घालायचं? चार दिवस लागले. शेवटी दीर आणि जाऊबाईंचं घातलं. दोघं समंजस आहेत, घरात मुलं आहेत, आणि बायच्या बापाचा चेहरा त्या घरात अजून फिरतो, दिराच्या रूपानं. कुडाळला जाऊन सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माका सांगलंस, ह्या बरा केलंस.” तोपर्यंत मला वाटत होतं, त्यांना विमानाची भीती आहे. भीती वेगळीच होती. मुलगा गेला, आता नातही त्यांना न विचारता, न सांगता कुठेतरी निघून जाईल, ही. त्यानंतर ‘हयसर ठेव’ हे वाक्य पुन्हा आलं नाही. उलट कोकमाची पाकिटं आली. थायलंडला!

जानेवारी २०२४. कणकवलीहून मोपा दीडेक तासावर. २०२३ मध्ये हा विमानतळ सुरू झाला आणि आमच्यासारख्यांचं जग खरोखर जवळ आलं. त्याला नाव मनोहर पर्रीकरांचं. त्यांच्या पत्नी लवकर गेल्या, दोन मुलगे त्यांनी एकट्यानं वाढवले आणि राज्यही चालवलं. पुरुष एकटा मुलं वाढवतो तेव्हा कौतुक होतं, बाई वाढवते तेव्हा चौकशी होते. असो. फ्लाइट सुटेल.

दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसून जातं, परदेशी प्रवासात तिकीट साधारण मोठ्याच्या दहा टक्के. ही सवलत संपायच्या आत जेवढं जग बघता येईल तेवढं बघा, हा माझा प्रामाणिक सल्ला! एका मोठ्या माणसामागे मांडीवर एकच बाळ, आणि एका रांगेत फार बाळं बसवत नाहीत, कारण वरून पडणारे ऑक्सिजन मास्क मोजके असतात. विमान वर-खाली होताना बाळाला दूध पाजायचं, गिळताना कान मोकळे होतात. शंभर मिलीचा नियम बाळाच्या दुधाला लागत नाही, फक्त तपासणीत ते वेगळं दाखवायचं. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. न मिळणारी गोष्ट अशी, की एकट्या बाईनं विमानात बाथरूमला कसं जायचं? बाळाला धरणार कोण? मी चौथ्या तासाला बाजूच्या अनोळखी सरदारजींकडे बायला दिलं. परत आले तर ते तिला पंजाबीत काहीतरी समजावत होते आणि ती माना डोलवत होती. एकटीनं प्रवास करण्याचा पहिला धडा हाच, की तो एकटीनं होत नाही. माणसं मागावी लागतात, आणि ती मिळतात.

त्या वेळी थायलंडला भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नव्हता. बँकॉकहून ट्रेननं हुआ हिनला गेलो. समुद्र, माड, मच्छीमारांच्या होड्या. म्हटलं, एवढे पैसे खर्चून मालवणच बघायचं होतं का? सकाळी हॉटेलच्या बाहेर गाडीवर ‘जोक’ मिळायचं, ऐकायला विनोद, प्रत्यक्षात आपली पेज. मऊ शिजलेला भात, वर आलं. त्यात डुकराचं मांस घालतात, ते काढायला सांगितलं की झालं. बायनं कणकवलीत नाकारलेली पेज हुआ हिनमध्ये वाटीभर खाल्ली. खानावळीतली मावशी तिला कडेवर घेऊन गिऱ्हाईकांना भात वाढायची आणि मी कितीतरी महिन्यांनी दोन्ही हातांनी, गरम असताना जेवायची. जगप्रवासाचं सुख विचाराल तर हेच. देवळं-बिवळं नंतर.

तिसऱ्या रात्री बायला ताप आला. एकशे दोन. पॅरासिटामॉल सोबत होतं, ते दिलं, तरी अंग तापलेलंच. खोलीत मी आणि ती. त्या शीटमध्ये ‘पाळणा आहे का’ हा रकाना होता, ‘ताप आल्यावर कोण’ हा नव्हता. मी आईला नाही, कुडाळला व्हिडिओ कॉल लावला. का, सांगता येणार नाही. तीन मुलं वाढवलेल्या बाईनं पडद्यावरून एकेक गोष्ट सांगितली. कपडे काढ, कोमट पाण्यानं पूस, पाणी घोटघोट दे, लघवी होते का बघ. “घाबरा नको” असं त्या निदान वीसदा म्हणाल्या असतील. ताप उतरला तेव्हा हुआ हिनमध्ये तीन वाजले होते, कुडाळात दीड. फोन भिंतीला टेकवलेला तसाच. सासूबाई खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होत्या, पण कॉल कापला नव्हता. सकाळी हॉटेलच्या बाईनं डॉक्टरकडे नेलं, घसा लाल होता, बाकी काही नाही.

समुद्रावरचा एक फोटो मी स्टेटसला टाकला. शॉर्ट्स, कपाळ मोकळं, बाय वाळू खातेय. माहेरच्या एका नातलगांचा आईला फोन. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनं तो सगळ्या ग्रामपंचायतींसमोर आदर्श म्हणून ठेवला. त्यात शॉर्ट्सचं काही नाही. तो ठराव कधी होईल, बघू.

पुढचा मोठा प्रवास जून २०२५ मध्ये, इंग्लंड. ऑफिसचं दोन आठवड्यांचं काम रेडिंगला होतं. म्हणजे कारण होतं! कुणीही काहीही विचारलं नाही, हे मी नोंदवून ठेवलंय. बाय पावणेतीन वर्षांची, त्यामुळे पूर्ण सीट. रेडिंगला कॉलेजची मैत्रीण राहते, तिच्या मुलासोबत बाय दिवसभर रमायची. ब्रिटिश व्हिसासाठी पाच वर्षांच्या आतल्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो काढतात, आणि मूल कुणासोबत येतंय ते व्हिसावर नोंदवलेलं असतं. बायच्या व्हिसावर माझा पासपोर्ट नंबर होता. इतर कुणाचा नाही.

एका रविवारी ट्रेननं ऑक्सफर्ड आणि तिथून बसनं वाँटेजला गेले. रमाबाई मनोला घेऊन इथेच आल्या होत्या, सेंट मेरीच्या सिस्टर्सकडे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा इथलाच. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. डॉक्टर व्हायचं राहिलं, कारण ऐकू कमी येत होतं.

त्या काळातला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली ए. बी. शहांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. तो मी रेडिंगला रात्री वाचत होते, आणि वाचताना सारखी कुडाळची आठवण येत होती. सिस्टर जेराल्डीन रमाबाईंना मुलीसारखं मानायच्या, मनोवर जीव टाकायच्या. आणि नेमकं त्यामुळेच, मनोनं कुठली प्रार्थना म्हणायची, तिला धर्म कुणी आणि कसा शिकवायचा, यावर त्यांचं मत होतं. रमाबाईंनी धर्म बदलला, पण लेकीचं काय करायचं ते ठरवण्याचा हक्क सोडला नाही. मनोनं मोठेपणी आपण हिंदुस्थानची मुलगी आहोत हे सांगायला लाजू नये, हा त्यांचा आग्रह. त्यांना परक्यांशी भांडावं लागलं नाही, मायेच्या माणसांशी भांडावं लागलं. समुद्र ओलांडणं त्यामानानं सोपं असणार.

फेब्रुवारी १८८६ मध्ये त्या मनोला घेऊन अमेरिकेला निघाल्या, ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाईंना डॉक्टरकीची पदवी मिळताना पाहायला. इंग्लंडमधल्या हितचिंतकांना तो बेत पसंत नव्हता, तरी गेल्या. आणि पुढे मात्र मनोला इंग्लंडला परत पाठवून दिलं. स्वतः अमेरिकाभर व्याख्यानं देत फिरल्या, बोस्टनला आपल्या नावाची संस्था उभी राहिलेली पाहिली, मग सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबई. चरित्रकारांना हा मधला भाग थोडा अडचणीचा वाटत असावा. मला तो सगळ्यात जवळचा वाटतो. ज्या बाईनं लेकीवरच्या हक्कासाठी एवढं भांडण केलं, तिनंच एका टप्प्यावर ठरवलं की आता नाही जमत, तिला ठेवून जाते. कुणी ठेव म्हटलं म्हणून नाही, स्वतः ठरवून. दोन्हींत फरक आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही.

वाँटेजच्या चौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा आहे, १८७७ सालचा. म्हणजे मनोनंही तो पाहिला असणार. मला वाटलं होतं, तिथे उभं राहिल्यावर काहीतरी भव्य वाटेल. बायला शू लागली होती. पंधरा मिनिटं टॉयलेट शोधण्यात गेली, मग आम्ही पायरीवर बसून चिप्स खाल्ल्या, ती कबुतरांच्या मागे पळाली आणि बस आली.

परत आल्यावर कुडाळला गेले. पुतळ्याचा फोटो दाखवला, रमाबाईंची गोष्ट सांगितली. सासूबाईंनी फोटो मोठा करून बायचे बूट नीट पाहिले. मग म्हणाल्या, “पासपोर्ट काढूक किती पैशे लागतत?”

“पंधराशे. पण तुम्ही साठच्या वर, दहा टक्के सूट. बायसारखी.”

आता अडलंय ते नावाशी. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर लग्नात ठेवलेलं, बँकेत तिसरंच स्पेलिंग. ही तिन्ही माणसं एकच आहेत हे सरकारला पटवायला पुढच्या आठवड्यात आम्ही तिघी ओरोसला जाणार आहोत. बाय येणार म्हणून बॅग आधीच भरून बसलीय.